भाभीला वाटायचं, आमची प्रार्थना चालली आहे

आमच्या लोकांची प्रार्थना कधी ऐकली नसेल तर आधी तेवढं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. रविवारी चर्चमध्ये एकजण बोलतो आणि बाकीचे माना खाली घालून ऐकतात. शुक्रवारच्या घरसभेत तसं नसतं. तिथं पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, "चला, आता सगळे मिळून" म्हटलं की सगळेच एकदम सुरू होतात, ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या तोंडानं. कोणी रडतं, कोणी टाळ्या पिटतं, कोणी जमिनीवर हात आपटतं, कोणी "प्रभू सोडव! प्रभू वाचव!" म्हणून इतक्या जोरानं ओरडतं की टिनावर झोपलेलं मांजर खाली उडी टाकतं. आत बसलेल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. बाहेरच्याला वाटतं, कोणाचा तरी जीव घेऊन राह्यले.

नव्वद साल लागलं त्याच्या आसपास आम्ही देवळीला राहायला आलो. यजमान जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे असतात, ते दुरुस्त करायचे. घर मिळालं ते एका किराणा दुकानदाराच्या घराचाच मागचा तुकडा, दोन खोल्या, वर टिन, आणि त्यांच्या-आमच्यात एकच भिंत. तीही वर टिनापर्यंत पोचलेली नव्हती. मी इकडे मिरची कुटली की तिकडे शिंका यायच्या. त्या घरातल्या बाईला सगळी गल्ली भाभी म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. दुकान दुपारी नवरा जेवायला गेला की तीच सांभाळायची. जाडजूड बाई, हात कायम बेसनात नाही तर गुळात, आणि तोंडाला कुलूप नाही.

आमच्या घरी पहिली घरसभा झाली तेव्हा गंमतच झाली. प्रार्थना भरात आली, तशी भाभी धाडकन दार उघडून आत. हातात लाटणं.

"कोन मेलं वो?"

कोणी डोळे उघडेनात. बायांचे हात वर, गालांवरून पाणी वाहतंय, कोपऱ्यात एक म्हातारी डोकं भिंतीला टेकवून हुंदके देतेय. यजमान ढोलकी वाजवत होते, तेच हसून म्हणाले, "कोनी नाई मेलं भाभी. प्रार्थना होय आमची."

"अशी? माय माय माय! मले वाटलं खून होऊन राह्यला इथी!"

पाळकसाहेबसुद्धा हसले. सगळ्या सभेत हशा पिकला. भाभी लाजली, सभेनंतर वाटायला ठेवलेल्या चिवड्याची पुडी घेतली आणि पदरात तोंड लपवून गेली. त्यानंतर ती कधी धावत आली नाही. उलट दुकानात कोणी गिऱ्हाईकानं दचकून विचारलं की, आतून काय आवाज येतो, तर जाणकारासारखं सांगायची, "काही नाई जी. बाजूले प्रार्थना चालू हाय यायची. आज जरा जोरात हाय."

हे एवढं लक्षात ठेवा.

आता यजमानांचं. खोटं कशाला सांगू, माणूस दिसायला देखणा होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांना, पापण्यांना रुई चिकटलेली असायची, म्हाताऱ्यासारखा दिसायचा, मग तोंड धुतलं की परत तरुण. गळा असा की तो गायला लागला की पाळकसाहेबांच्या घरच्या, पाळकबाईसुद्धा वही मिटून ऐकायच्या. आणि ढोलकी! आमच्या मंडळीत त्याच्यासारखी ढोलकी कोणाची नव्हती. आपला जिल्हा दारूबंदीचा. बंदी असायची कागदावर, मोहाची मिळायची नाल्याच्या काठावर. जिनिंगमधून नाल्यावरून घरी यायला रस्ता जवळचा होता.

पहिल्यांदा मारलं तेव्हा पोरगी अंगावर पीत होती. ताट वाढायला उशीर झाला म्हणून. त्यानं आधी पोरीला माझ्याकडून काढून घेतलं, नीट पाळण्यात ठेवलं, वरून दुपटं घातलं. मग माझे केस धरले आणि कपाळ चौकटीवर आपटलं. एकदा नाही, परत परत, जसं कोणी नारळ फुटत नाही म्हणून आपटत राहतं तसं. मी खाली पडले तर चुलीजवळची फुकणी उचलली. पाठीवर, मांड्यांवर, पोटरीच्या हाडावर. लोखंडाची फुकणी हाडावर बसली की आवाज वेगळा येतो, मांसावर बसली की वेगळा. हे मला तेव्हा कळलं.

आणि मी ओरडले. काय ओरडले, त्यातच सगळं आलं. दुसऱ्या बाया "आई गं" म्हणतात, "मेले वो माय" म्हणतात. माझी आई गावोगाव फिरून देवाचं वचन सांगणारी बाई होती. तिनं लहानपणापासून आम्हाला एकच शिकवलं होतं, विंचू चावला तरी आधी प्रभूचं नाव घे. म्हणून माझ्या तोंडून निघालं, "प्रभू येशू! प्रभू वाचव! प्रभू सोडव मला!"

दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले, पदर कपाळापर्यंत ओढून. भाभी घागर लावून उभीच होती.

"काल लयच लांबली वो तुमची प्रार्थना. अन् वार तर मंगळवार होता."

मी हूं म्हटलं.

"माह्यी मालिका बुडाली ना! काहीच आयकू नाई आलं. पन रडता बाप्पा तुमी लोकं! आमचा देव एवढा नाई रडवत." आणि हसली. मीही हसले. ओठ फुटला होता, हसताना परत रक्त आलं, ते मी पदरानं पुसलं. तिला वाटलं, मी हसू लपवते आहे.

तेव्हाच का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. ढोलकी वाजवणाऱ्याची बायको होते मी. गल्लीत ख्रिस्ताचं नाव सांगणारं घर ते एकच. ते घर असं, हे कसं सांगायचं?

सुरुवातीला तो मारायच्या आधी खिडकी लावून घ्यायचा. मग त्याच्या लक्षात आलं, की लावायची गरज नाही. भाभीचं नळावरचं बोलणं मीच त्याला सांगितलं होतं, हसण्यावारी, राग निवळावा म्हणून. त्यानंतर खिडकी उघडीच राहायला लागली. मला खाली पाडून गुडघा पाठीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "कर, कर प्रार्थना. मोठ्यानं कर. आयकून राह्यले लोकं." एकदा तर मारून झाल्यावर ढोलकी घेऊन बसला. "गा," म्हणे. तोंडात रक्त, एक दाढ हललेली. मी गायले. स्तुतीचं गाणं गायले मी, तो वाजवत होता, छान वाजवत होता, आणि भिंतीपलीकडून भाभीची पोरं टाळ्या देत होती.

पाळकबाईंना मात्र मी सांगितलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "विश्वासानं मागा बाई. देव दगडाच्या काळजाचं मांस करतो." मग आम्ही उपास धरले. दर बुधवारी पाणीसुद्धा नाही. आमच्या चार-पाच बायांनी माझ्यासाठी गुडघे टेकले. वर्ध्याला संजीवन सभा होत्या, विझलेला विश्वास परत पेटवायच्या, त्यात यजमान पुढे गेले, मंडपात सगळ्यांसमोर जमिनीवर पडून रडले, उभं राहून साक्ष दिली की, मी बदललो. माझ्या शेजारी बसलेली बाई माझा हात दाबत होती. मी इतकी रडले त्या दिवशी! वाटलं, ऐकलं बाई, ऐकलं देवानं.

पावसाळाभर तो बरा राहिला. कापूस घरात यायला लागला, जिनिंग सुरू झालं, नाल्यावरून येणंजाणं सुरू झालं.

मी तेव्हा गरोदर होते. पोट दिसायला लागलं होतं. आत बाळ फिरायचं, मासोळी फिरावी तसं. नवऱ्यानं लाथ मारली ती नेमकी तिथं मारली. चुकून लागली म्हणायला मला किती आवडलं असतं, पण मी खाली पडल्यावर त्यानं परत तिथंच मारली. मी दोन्ही हात पोटावर धरून म्हणत होते, "प्रभू, एवढं ठेव. प्रभू, एवढं तरी ठेव." ते राहिलं नाही. न्हाणीत बसून होते मी, पाणी टाकत होते आणि ते लालच वाहत होतं. मुलगा होता.

चर्चमध्ये सांगितलं, धुण्याच्या दगडावर पाय घसरला.

मग आमच्याच बायांचं बोलणं बदललं. त्या वाईट मनानं बोलत नव्हत्या. दुसऱ्याचं दुःख लांबलं की माणसाला कारण पाहिजे असतं, एरवी झोप येत नाही. एक म्हणाली, "पाह्य बाई, कुठी काही पाप लपलं असन." दुसरी म्हणाली, "इश्वास कमी पडून राह्यला तुमचा." मी घरी येऊन शोधायची. खरंच शोधायची, जसं हरवलेलं कानातलं झाडून झाडून शोधतात तसं. मंगळागौरीचा प्रसाद खाल्ला होता शेजारचा, ते असेल? आईशी शेवटी भांडले होते, ते असेल? आणि मार चालूच होता. झाऱ्याचा डाग अजून माझ्या दंडावर आहे, भोकांसकट. डाव्या कानानं मला आता ऐकू येत नाही.

शेवटी मी देवाशी सौदाच केला. पाळकबाईंना हे आवडलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. भाजी निवडता निवडता एकदा मी त्याला स्पष्ट म्हणाले, "ठीक आहे. त्याला नको बदलूस. मला मारू दे. पण माझ्या पोरीला त्याचा हात लागला नाही पाहिजे. एवढं तू सांभाळ, बाकीचं मी सांभाळते."

आणि तसं होत गेलं बरं का. तो किती का पिऊन येईना, पोरीला कधी बोट लावलं नाही. त्याच्या पावलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ओळखू यायचा, डावा पाय ओढल्यासारखा. तो ऐकला की मी पोरीला भिंतीपलीकडे पाठवायची, "जा, भाभीकडे टीव्ही बघ." ती जायची. ती मोठी होत होती, सगळं कळत होतं तिला, पण जायची. भाभी तिला शेंगदाणे-गूळ द्यायची. आणि मी मार खाताना मनात म्हणायची, तू शब्द पाळलास. प्रभू, तू शब्द पाळतो आहेस. माझा सगळा विश्वास तेवढ्या एका गोष्टीवर उभा होता. एका मेखेवर सगळं घोंगडं टांगावं तसा.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. झावळ्यांचा रविवार, म्हणजे आमचा उपासकाळ संपत येतो तेव्हाचा. ऊन असं की टिन तडतडत होतं. सकाळी मिरवणूक निघाली, मुलींच्या हातात शिंदीच्या झावळ्या, तोंडी "होसान्ना"चा जयजयकार, पुढे यजमान ढोलकी गळ्यात घालून. माझी पोरगी तेव्हा आठवीत. तिनं झावळीची पात विणून बारका क्रूस केला होता, तो घरी येऊन दारावर लावत होती. यजमान घरी आले आणि परत गेले. दुपारी आले ते पिऊन.

भाभीकडे रविवारचा सिनेमा लागला होता. मी पोरीला डोळ्यानं खूण केली, जा. ती हलली नाही.

"जा ना गं."

"नाई जात आज," ती म्हणाली. आणि बापाकडे वळली. "बाबा, आज तरी नका मारू. आताच होसान्ना म्हनून आले ना तुमी."

त्याची कामाची पिशवी कोपऱ्यात होती. त्यानं वाकून पाना काढला, रेच्याचे मोठे नट खोलायचा, कोपरापर्यंत लांब. मला वाटलं, माझ्यासाठी आहे. मी पाठ केलीही पुढे, सवयीनं. तो माझ्या बाजूनं गेला.

पोरीनं डोकं वाचवायला हात वर केला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडतात ना, अगदी तसा आवाज आला. ती ओरडली नाही. हाताकडे बघत राहिली, मनगट भलतीकडेच वळलं होतं. दुसरा घाव कपाळावर बसला आणि ती भिंतीला घासत खाली बसली, भिंतीवर लाल पट्टा ओढत. झावळीचा क्रूस तिच्या मांडीवर पडला.

मी त्याच्यावर झेपावले. दंडाला चावले, इतकी की माझ्या तोंडात त्याचं कातडं आलं. त्यानं मला उताणी पाडली, छातीवर बसला आणि पाना आडवा करून माझ्या गळ्यावर दाबला. मी जेवढा श्वास होता तेवढ्यात ओरडले, "प्रभू येशू! प्रभू वाचव! प्रभू, माझी पोरगी!"

भिंतीपलीकडे भाभी तिच्या नवऱ्याला म्हणाली, मला स्पष्ट ऐकू आलं, उजव्या कानानं, "घ्या! सकाऊन मिरवनूक काढली, तरी पोट नाई भरलं यायचं." आणि टीव्हीचा आवाज मोठा झाला.

त्या वेळी मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. डोळ्यांपुढे काळं येत होतं आणि त्या काळ्यात मला ती भिंत दिसत होती. इतकी वर्षं मी ज्याला हाक मारत होते त्यानं ती ऐकली की नाही, मला माहीत नाही. पण भाभी ऐकत होती. सगळी वर्षं, शब्दन् शब्द ऐकत होती. तिला फक्त माहीत नव्हतं की ती काय ऐकते आहे.

मी त्याच्या पान्याखाली बोटं घातली, थोडी फट केली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरं नाव घेऊन ओरडले.

"भाभी! भाभी वो! प्रार्थना नोहे ही! मारून राह्यला! पोट्टी मेली माह्यी!"

टीव्ही बंद झाला.

मग धाव ऐकू आली. दुकानाचं शटर खाली ओढायची आकडी असते, लोखंडाची, पुरुषभर लांब, ती घेऊन भाभी आली. मागे तिचा नवरा, पण तो उंबऱ्यातच थिजला. भाभी थिजली नाही. तिनं काही विचारलं नाही. पोरीकडे एकदा बघितलं, आणि पहिला घाव त्याच्या कोपरावर घातला. पाना खाली पडला. दुसरा गुडघ्यावर. तो कलंडला, तशी पाठीवर, मानेवर, जिथं बसेल तिथं. तो शिव्या देत होता, मग रडायला लागला, मग "भाभी, भाभी" म्हणायला लागला. ती थांबेना. तिच्या तोंडातून शब्द नव्हता, नुसता श्वास, आणि आकडी वर जायची, खाली यायची. बेसनाचे हात होते, आकडीवर पिवळं आणि लाल मिसळलं होतं. शेवटी मीच तिच्या कमरेला मिठी मारली.

"सोडा वो, मरून जाईन तो."

"मरू दे."

"भाभी, पोरीले आधी!"

तेव्हा कुठं तिनं आकडी टाकली.

ऑटोतून सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरीचं डोकं भाभीच्या मांडीवर, भाभीच्या लुगड्याची घडी तिच्या कपाळावर दाबलेली, आणि सगळ्या रस्त्यानं भाभी तिला एकच सांगत होती, "डोये उघडे ठेव बेटा. झोपजो नोको. माह्याकडे पाह्य." कपाळाला टाके पडले. मनगटात स्टीलची पट्टी बसवायची म्हणून आत नेलं. डॉक्टरनं सांगितलं, जिवाला धोका नाही. मग आम्ही दोघी बाहेर फरशीवर बसलो. बाकडं रिकामं होतं, पण फरशीवरच बसलो.

भाभी माझ्याकडे वळली. मग पहिल्यांदा मला तू म्हणाली.

"काऊन नाई सांगतलं तू मले?"

मी पदरावरचं रक्त चोळत राहिले.

"मी आवाज वाढवत होती वो. टीव्हीचा. तू मरून राह्यली अन् मी आवाज वाढवत होती." ती तोंडावर दोन्ही हात मारून घ्यायला लागली, फाड फाड. मी तिचे हात धरले. "पहिल्या दिवशी आलती ना मी धावत! लाटनं घेऊन आलती! हासले तुमी समदे मले!"

खरं होतं. हसलो होतो.

"अन् तुहा देव?" ती म्हणाली. "त्याले तर मालूम होतं ना? त्यानं काऊन नाई सांगतलं मले? मी भिंतीलेच तर लागून होती."

पुष्कळ लोकांनी नंतर मला सांगितलं की, बघा, देवानंच भाभीला पाठवलं. मान डोलवते मी. पण मनात म्हणते, मग आधीच्या वेळी का नाही पाठवलं? न्हाणीतलं पाणी लाल होत होतं तेव्हा ती कुठं होती? भिंतीपलीकडेच होती. आणि सौद्याचं काय झालं? मी तर माझा भाग पाळला होता. दवाखान्याच्या फरशीवर बसून मी त्याला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नळावरच्या भांडणात बाया बोलतात तसं बोलले. शिव्याच दिल्या म्हणा. पण एक सांगते, शिव्या देत असतानाही मी त्यालाच देत होते. उठून दुसरीकडे गेले नाही. येशूचीही एक प्रार्थना, क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत केलेली, अशीच राहिली होती, घाम गळेपर्यंत मागून. ते मला तिथं फरशीवर आठवलं. त्यानं बरं वाटलं असं नाही. फक्त, फरशीवर तिसरं कोणी बसलं आहे असं वाटलं.

पोलिसांत तक्रार दिली, यजमानांना धरून नेलं. भाभीनं उभं राहून सांगितलं, मी पाहिलं, मी आयकलं, धा वर्सापासून आयकलं. यजमान सुटून आले तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर आकडी घेऊन बसली होती. "घर माह्यं हाय," ती म्हणाली. "भाड्यानं या मायलेकीले देल्लं, तुले नाई." तो भावाच्या गावी गेला. मी सावंगीला विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले, सकाळी एसटीनं जायची, दुपारी यायची.

पाळकबाई आल्या होत्या समजवायला. "विश्वास सोडू नका बाई. संसार मोडू नका."

मी म्हटलं, "विश्वास नाही सोडला. मार सोडला." त्या चहा न घेता गेल्या. पुढे वर्षभरानं परत आल्या, तेव्हा मात्र घेतला.

यजमान बदलले नाहीत. काही वर्षांनी गेले, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. भावाकडून निरोप आला म्हणून मी शेवटचं भेटायला गेले होते. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि एक घाण शिवी दिली. एवढंच. त्यांच्यासाठी धरलेले सगळे उपास, सगळ्या बायांचे सगळे गुडघे, त्याचं हे झालं. मूठभर माती टाकून आले. माफ केलं का, असं मला कोणी विचारू नये. काही दिवस केलेलं असतं, काही दिवस नसतं.

पोरगी आता एसटीत कंडक्टर आहे. मनगट पूर्ण वळत नाही, पण तिकीट फाडता येतं, आणि आवाज असा की वर्ध्याच्या स्टँडवर बेल न मारता गाडी थांबते. ती बरीच वर्षं चर्चमध्ये आली नाही. मी आग्रह केला नाही. घरी जेवणाआधी मी डोळे मिटून प्रार्थना करते तेव्हा ती ताटासमोर बसून राहते, डोळे उघडे. एकदा मी म्हटलं, मिटून बघ ना. तर म्हणाली, "तू मीट. मी उघडे ठेवतो. एकानं तर पाह्यलं पाहिजे ना."

घरसभा परत सुरू केली, त्याच घरात. दार लावत नाही आम्ही आता, नुसतं लोटलेलं असतं. पोरीला सुट्टी असली तर ती दाराशी बसते, आत येत नाही, बाहेरही जात नाही. प्रार्थना भरात आली, बाया ओरडायला लागल्या, की थोड्या वेळानं दार ढकललं जातं. भाभी. आता गुडघे गेलेत तिचे, भिंत धरून येते. पण येते, दर शुक्रवारी येते. कोणी हसत नाही. ती एकेका बाईचं तोंड बघते, खाली वाकून, पदराखालचं सुद्धा. नवी कोणी आली असली तर तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवते.

"प्रार्थनाच होय ना?" ती विचारते.

पोरगी हात वर करते, तो न वळणारा हात. "प्रार्थनाच होय, भाभी. पाह्यलं मी."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं, चालू द्या मंग," म्हणते आणि जाते. मी परत डोळे मिटते.